लंगड्या कोंबड्या आणि डॉ. आइकमन

कोंबडी लंगडूं लागली म्हणजे पायांत कांटा मोडला असेल असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु पायाच्या दुखण्याचें कारण पायांतच असतें असें नाहीं. एका डच वैद्यानें तें कोंबडीच्या दाण्यांत शोधून काढलें आणि त्या शोधानें असंख्य मनुष्यांचे प्राण वांचले. त्याचें नांव ख्रिस्तियान आइकमन.

आइकमन यांचा जन्म 11 ऑगस्ट 1858 रोजीं हॉलंडांतील नायकेर्क या गांवीं झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. आम्स्टरडॅम येथें वैद्यकाचें शिक्षण संपवून ते 1883 सालीं लष्करी डॉक्टर म्हणून जावा व सुमात्रा या बेटांत गेले. तेथें हिंवतापानें त्यांना इतकें जर्जर केलें कीं, 1885 सालीं स्वदेशीं परतावें लागलें. पुढें बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांच्या हाताखालीं ते जंतुशास्त्र शिकले.

त्या काळीं जावा बेटांत बेरीबेरी या रोगानें कहर केला होता. प्रथम पाय बधिर व दुबळे होत, चाल डळमळे, आणि शेवटीं हृदय थांबून मनुष्य मरे. शिपाई व कैदी यांचे तर फारच हाल होत. हा रोग जंतूंमुळें होतो असा समज होता. त्याच्या संशोधनासाठीं 1886 सालीं डच सरकारनें पाठविलेल्या मंडळींबरोबर आइकमन पुन्हां जावांत आले, आणि 1888 सालीं बटाव्हिया (आतांचें जकार्ता) येथील प्रयोगशाळेचे मुख्य झाले.

रोग टोंचून पाहण्यासाठीं त्यांनीं कोंबड्या पाळल्या. थोड्याच दिवसांत त्यांची चाल बिघडली. त्यांना दांडीवर बसवेना, चालतांना गुडघे वांकत व त्या कोलमडून पडत. मग पंख व मान लुळी पडे, श्वास मंद होई, तुरा निळसर पडे आणि मृत्यु येई. पाहिलें तों पायांचे मज्जातंतु क्षीण झालेले. परंतु नवल असें कीं, ज्यांना कांहींच टोंचलें नव्हतें त्या कोंबड्याही तशाच लंगडल्या! जंतूचा मात्र पत्ता लागेना.

रोगाला आरंभ झाला होता 10 जुलै रोजीं. नोव्हेंबरअखेर तो आपोआप नाहींसा झाला. दुसरा कोणी सुटलों म्हणून गप्प बसला असता; आइकमन यांनीं रोग कां गेला याची चौकशी आरंभिली. तेव्हां कळलें कीं, 17 जूनपासून कोंबड्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यांतील पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळाचा उरलेला भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला. त्यानें लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांना देण्याचें नाकारलें, आणि 27 नोव्हेंबरपासून त्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळूं लागला.

मग त्यांनीं मुद्दाम प्रयोग केले. सडीक तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्या तीनचार आठवड्यांत लुळ्या पडत. कोंडा दिला कीं पुन्हां चालूं लागत. माणसांचें काय, हें फोर्डरमन नांवाच्या अधिकाऱ्यानें 101 तुरुंगांतून पाहिलें. सडीक तांदूळ खाणाऱ्यांत 39 कैद्यांमागें एकाला बेरीबेरी झाली होती. न सडलेला खाणाऱ्यांत 10,000 मागें एकाला!

तरीही आइकमन यांचा तर्क चुकला होता. तांदळाच्या पिठुळ गरांत विष असून कोंडा त्याचा उतारा आहे, असें त्यांना वाटे. प्रकृति ढासळल्यामुळें ते 1896 सालीं मायदेशीं परतले व 1898 पासून उट्रेक्ट येथें आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या मागून काम करणाऱ्या ग्रीन्स यांनीं 1901 सालीं दाखविलें कीं, विष मुळींच नाहीं. कोंड्यांत शरीरास अवश्य असा एखादा अंश आहे, त्याच्या अभावीं रोग होतो. पुढें आइकमन यांनीं हें मत मान्य केलें. तोच अंश आज आपण जीवनसत्त्व ‘ब1’ म्हणून ओळखतों. 1929 सालीं नोबेल पारितोषिक त्यांना व हॉपकिन्स यांना विभागून मिळालें. परंतु आजारामुळें ते समारंभास जाऊं शकले नाहींत. 5 नोव्हेंबर 1930 रोजीं उट्रेक्ट येथें त्यांचें देहावसान झालें.

लंगडी कोंबडी दिसली म्हणजे तिला हाच रोग झाला असें मात्र समजूं नये. तळव्यास सूज असल्यास जखम चिघळलेली असते. बोटें आंत वळलीं असल्यास जीवनसत्त्व ‘ब2’ कमी असण्याचा संभव. हाडें व चोंच मऊ पडल्यास मुडदूस. एक पाय पुढें व एक मागें ताणून पडली तर बहुधा मारेक नांवाचा सांथीचा रोग. म्हणून तळवा, बोटें, वय व दाणा हीं सर्व पाहूनच निदान करावें.

आपल्या कोंकणांत व गोव्यांत ज्या घरीं उकडा तांदूळ शिजतो, तेथें धान्यांतील हें सत्त्व बरेंचसें टिकतें. कारण उकडतांना तें दाण्याच्या आंत मुरतें. पुढल्या खेपेस अंगणांतील कोंबडी लंगडतांना दिसली, तर आधीं तिला उचलून तळवा पाहावा, आणि मग तिच्यापुढें आपण काय टाकतों तें पाहावें. आइकमन यांनीं एवढेंच केलें. आणि आपला तर्क चुकला असें पुढें पटल्यावर तो सोडून दिला.