मेलबर्नचा मानकरी

(हॉकीत भारताने ऑलिंपिकची अनेक सुवर्णपदके मिळवली, हे आपल्याला ठाऊक असते. पण फुटबॉलमध्येही आपला संघ एकदा ऑलिंपिकच्या पहिल्या चार संघांत जाऊन बसला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. त्या संघातील एका खेळाडूचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

गोव्याच्या बार्देश तालुक्यात आसगाव नावाचे एक गाव आहे. लाल माती, नारळाची उंच झाडे आणि पावसाळ्यात हिरवीगार होणारी भातशेती असे या गावाचे रूप. याच गावात ३ ऑक्टोबर १९३२ रोजी नेव्हिल डिसोझा यांचा जन्म झाला.

त्या काळी गोवा भारतात नव्हता. चारशे वर्षांहून अधिक काळ तेथे पोर्तुगीजांचे राज्य होते. म्हणजे पुढे ज्यांनी भारतासाठी पराक्रम गाजवला, त्या नेव्हिल यांचा जन्म परक्या सत्तेच्या भूमीत झाला होता.

आसगावच्या शेजारी शिवोली हे गाव आहे. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाचे एक धर्मगुरू शिवोलीला आले. त्यांनी तेथील मुलांना फुटबॉल शिकवला आणि तेव्हापासून गोव्यात हा खेळ रुजला, असे मानले जाते. पुढे गावोगावी चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत आणि कापणी झालेल्या शेतांत मुले फुटबॉल खेळू लागली. गोव्याच्या मातीला या खेळाचा लळा लागला तो कायमचा.

परंतु गोव्यात पोटापाण्याची साधने थोडी होती. त्यामुळे हजारो गोमंतकीय मुंबईची वाट धरत. कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी कारकून, तर कोणी बँडमध्ये वाजंत्री वाजवी. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या ‘कुडी’ असत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेले राहण्याचे ठिकाण. खिशात फारसे पैसे नसले तरी गावच्या माणसाला तेथे पथारी पसरण्यापुरती जागा मिळे. या लोकांनी मुंबईत आपली प्रार्थना, आपले संगीत आणि आपला फुटबॉल जिवंत ठेवला. याच मुंबईत नेव्हिल डिसोझा खेळाडू म्हणून घडले.

मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र होते कूपरेज मैदान. तेथे हारवुड लीगचे सामने होत. ऐन पावसाळ्यात चिखल उडवत खेळाडू चेंडूमागे धावत आणि छत्र्या घेऊन लोक सामना पाहायला उभे राहत. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा तर देशभरातील नामांकित संघांना मुंबईत खेचून आणी. त्या काळी केवळ फुटबॉल खेळून घर चालवता येत नसे. मोठ्या कंपन्या, रेल्वे आणि पोलीसदल चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि आपल्या संघात घेत. नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू झाले. संतोष ट्रॉफी स्पर्धेत ते मुंबईच्या संघाकडूनही खेळले. त्यांचे धाकटे भाऊ डेरेक हेसुद्धा उत्तम फुटबॉलपटू होते.

नेव्हिल आघाडीच्या फळीत मध्यभागी खेळत. या जागेवरच्या खेळाडूचे काम सांगायला सोपे, पण करायला अवघड. प्रतिस्पर्ध्यांचे रक्षक त्याला सतत घेरून असतात. चेंडू त्याच्याकडे आला तरी तो पायाशी फार वेळ राहत नाही. त्या क्षणार्धात नजर, पाय आणि बुद्धी ही तिन्ही एकदम चालावी लागतात. गोलासमोर नेमक्या वेळी नेमक्या जागी हजर असणे, हे या जागेचे खरे कौशल्य. नेव्हिल यांच्याकडे ते होते.

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरायच्या होत्या. भारतीय फुटबॉल संघाच्या मनात एक जुनी जखम होती. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक अशा गोलफरकाने धुव्वा उडवला होता. त्या सामन्यात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालून खेळणे सक्तीचे झाले.

या संघाला घडवण्याचे काम हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे होते. सारे त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. ते मुळात शाळेतील शिक्षक होते. शिक्षकाची शिस्त आणि शिकवण्याची हातोटी त्यांनी मैदानावर आणली. चेंडू पायाशी घोळवत बसण्यापेक्षा तो झटपट सहकाऱ्याकडे द्यावा, असा त्यांचा आग्रह असे. उजव्या पायाने खेळणाऱ्याला ते डाव्या पायाने खेळायला लावत. त्यांनी तयार केलेल्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला होता. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले होते.

रहीमसाहेबांच्या संघात जणू सारा देश एकत्र आला होता. बंगालचे समर बॅनर्जी कर्णधार होते. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू आणि गोलरक्षक पीटर थंगराज असे एकाहून एक सरस खेळाडू त्यात होते. मुंबईच्या मैदानांवर खेळणारे गोलरक्षक एस. एस. नारायण आणि नेव्हिल डिसोझा हेही त्यात होते. कोणाची भाषा बंगाली, कोणाची तेलुगू, कोणाची उर्दू, कोणाची तमिळ, तर कोणाची कोकणी. पण चेंडू एकाच्या पायाकडून दुसऱ्याच्या पायाकडे जाई, तेव्हा भाषेची अडचण येत नसे.

नेव्हिल यांच्यासाठी हे दिवस वेगळ्याच अर्थाने कठीण असावेत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी हजारो सत्याग्रही सीमेवर गेले होते. पोर्तुगीजांनी त्या निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना आपल्याच गावी जाणे दुरापास्त झाले. अशा वेळी जन्मगाव परक्या राज्यात आणि अंगावर मात्र भारताचा पोशाख, अशा स्थितीत आसगावचे नेव्हिल डिसोझा मेलबर्नला गेले.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण हंगेरीत त्या वर्षी मोठी उलथापालथ झाली आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपान्त्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलियाचा संघ उभा राहिला. मैदान त्यांचे, प्रेक्षकही त्यांचे.

सामना सुरू होऊन नऊच मिनिटे झाली होती. नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी थोड्याच वेळात त्याची परतफेड केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. मध्यंतराच्या आत मॉरो यांनी पुन्हा बरोबरी साधली. दोन विरुद्ध दोन! आता सामना कोणाकडे झुकणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तरार्ध सुरू झाला आणि पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा चेंडू जाळीत धाडला. हॅटट्रिक पूर्ण झाली! ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. पुढे किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला. ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. हा विजय योगायोगाचा नव्हता. त्याच महिन्यात सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यातही भारताने ऑस्ट्रेलियाला सात विरुद्ध एक असे हरवले.

उपान्त्य फेरीत समोर होता युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा तोच देश! पण या वेळी मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. इतकेच नव्हे, तर उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिल यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. काही मिनिटे का होईना, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. मात्र युगोस्लाव्हियाचे खेळाडू लगेच सावरले. त्यांनी चार गोल केले आणि सामना जिंकला. नंतर कांस्यपदकासाठी झालेल्या लढतीत बल्गेरियाने भारताला तीन गोलांनी हरवले. भारताचे पदक हुकले आणि चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

तरीही त्या स्पर्धेत नेव्हिल यांनी एकूण चार गोल केले होते. युगोस्लाव्हियाचे टोडोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह यांचेही तितकेच गोल होते. सर्वाधिक गोल करण्याचा मान या तिघांना मिळून मिळाला. वेसेलिनोविच आणि मिलानोव्ह पदक घेऊन घरी गेले. नेव्हिल मात्र रिकाम्या हातांनी परतले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नेव्हिल यांचे आसगाव भारताच्या नकाशावर आले. त्याच वर्षी खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू झाला. पहिल्याच वर्षी तो पी. के. बॅनर्जी यांना आणि पुढच्या वर्षी तुलसीदास बलराम यांना मिळाला. नेव्हिल यांच्या वाट्याला मात्र तो कधीच आला नाही. रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ता येथे भारताला पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पोहोचू शकलेला नाही. हळूहळू लोक फुटबॉलकडे पाठ फिरवू लागले आणि मेलबर्नचा पराक्रमही विसरू लागले.

१६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले.

पदके कपाटात राहतात, पुरस्कारांची नावे कागदावर राहतात. नेव्हिल यांच्याकडे यांपैकी फारसे काही नव्हते. पण ज्या काळात त्यांचे गाव भारताचे नव्हते, त्या काळात ते स्वतः भारताचे होते. आसगावच्या लाल मातीतला हा माणूस मेलबर्नच्या हिरव्या मैदानावर तीनदा गोल करून गेला. ती नोंद कोणाला पुसता येणार नाही.

शब्दार्थ

मानकरी – मान मिळवणारा
गोमंतकीय – गोव्याचा रहिवासी
लळा – माया, ओढ
पथारी – जमिनीवर अंथरलेले अंथरूण
हातोटी – काम करण्याचे खास कौशल्य
निःशस्त्र – हातात हत्यार नसलेला
दुरापास्त – फार कठीण
उपान्त्य – शेवटच्या आधीचा
यजमान – पाहुण्यांना बोलावणारा, येथे ज्या देशात स्पर्धा आहे तो

वाक्प्रचार

वाट धरणे – त्या दिशेने जाणे
धुव्वा उडवणे – पूर्ण पराभव करणे
पुढे चाल मिळणे – न खेळता पुढच्या फेरीत जाणे
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) नेव्हिल डिसोझा यांचा जन्म कोठे झाला?
(२) कूड म्हणजे काय?
(३) मेलबर्नला भारतीय संघाचे कर्णधार कोण होते?
(४) गोवा केव्हा मुक्त झाला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) रहीमसाहेब खेळाडूंना कसे शिकवत?
(२) १९५२ आणि १९५६ या वर्षांतील युगोस्लाव्हियाविरुद्धच्या सामन्यांत कोणता फरक दिसतो?
(३) मेलबर्नला जाताना नेव्हिल यांची स्थिती वेगळी का होती?

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
विजय, परका, कठीण, पूर्वार्ध

प्र. ४. पाठात आलेले जे शब्द उर्दूतही वापरले जातात, ते शोधून लिहा.
उदा. मैदान, जखम

उपक्रम : सय्यद अब्दुल रहीम यांच्याविषयी माहिती मिळवा आणि आठ ते दहा ओळी मराठीत लिहा.