सह्याद्रीतला जेलीफिश आणि आघारकर सर

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पण हे आघारकर कोण, ते माहीत आहे?

शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि सवड मिळाली की सह्याद्रीत झाडं, प्राणी गोळा करत हिंडायचे. अशाच भटकंतीत १९११ च्या सुमारास सातारा भागातल्या नदीत त्यांना एक इवलासा, पारदर्शक जीव दिसला. जेलीफिश! तोही गोड्या पाण्यात. या प्रकारचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेत सापडला होता.

आता खरा प्रश्न सुरू होतो. आफ्रिकेतला आणि आपला, दोघे एकच की वेगळे?

पुस्तकात आपण शिकतो की आपापसांत प्रजनन करून पुढे प्रजननक्षम पिल्लं देतात, ते एका जातीचे. पण मधे अख्खा समुद्र असलेले दोन जेलीफिश भेटणार कुठे? मग एकच मार्ग उरतो. नमुने समोर ठेवायचे आणि अवयव न् अवयव ताडून बघायचा. आघारकरांचे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. तिथल्या नेल्सन ॲनंडेल यांनी ते तपासले, नवी जात ठरवली आणि १९१२ मध्ये नाव दिलं, लिम्नोक्नायडा इंडिका.

या नावातच निकाल आहे बघा. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आफ्रिकेतल्याशी नातं मान्य. दुसरा जातीचा, म्हणजे वेगळेपणही मान्य. स्वीडनच्या लिनियसने रूढ केलेली ही पद्धत आपल्याकडच्या जंगलालाही लागू आहे. ताडोब्यातला पट्टेदार वाघ पँथेरा टायग्रिस, गावाशेजारी फिरणारा बिबट पँथेरा पार्डस. प्रजाती एक, जाती दोन.

आघारकरांची पुढची वाट सोपी नव्हती. कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश हिंदुस्थानातला माणूस म्हणजे शत्रूचा प्रजाजन, म्हणून त्यांना नजरकैदेत टाकलं. तरी गडी खचला नाही. बर्लिनची डॉक्टरेट मिळवूनच परतला. नंतर कलकत्त्यात कित्येक वर्षं शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आराम करायच्या वयात, १९४६ मध्ये, पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. १९६० मध्ये ते गेले. १९९२ मध्ये त्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

हे सगळं सिंदेवाहीत बसून कशाला वाचायचं? कारण आपल्याकडे मामा तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत, आणि त्यात काय काय जगतं याची यादी पूर्ण झालीय असं कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणणार नाही. ज्याला नाव नाही, तो जीव उद्या संपला तरी कुणाच्या वहीत त्याची नोंद नसते. आघारकरांनी नुसता जीव पाहिला नाही. नमुना जपला आणि जाणकारापर्यंत पोचवला. तुम्हाला तलावावर काही अनोळखी दिसलं, तर त्याला हात लावू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना किंवा मॅडमना दाखवा. बाकीचं नंतर.