शिष्यत्व आणि स्वायत्तता : व्ही. शांताराम यांच्या कलाजीवनाची जडणघडण

१

मराठी चित्रपटाच्या इतिहासाची मांडणी बहुधा संस्थांच्या क्रमाने केली जाते. महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभात आणि राजकमल हा क्रम अभ्यासकांना परिचित आहे. परंतु या तिन्ही संस्थांतून वाटचाल केलेला एक कलावंत कोणाकडून काय शिकला, शिकलेल्यापैकी काय त्याने जतन केले आणि काय निर्धाराने बाजूला सारले, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. शांताराम राजाराम वणकुद्रे अर्थात व्ही. शांताराम यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. त्यांनी कोणत्याही कलाविद्यालयात शिक्षण घेतले नव्हते. किंबहुना ज्या माध्यमात त्यांना काम करावयाचे होते त्याचे विद्यालयच त्या काळी भारतात अस्तित्वात नव्हते. नाटक कंपनी, रेल्वेचा कारखाना, सिनेमाचे थिएटर आणि चित्रपट निर्मितीचे आवार हीच त्यांची शिक्षणस्थाने होती.

त्यांच्या जीवनक्रमाचा एक विशेष लक्षणीय आहे. उमेदवारीच्या काळात ज्यांना त्यांनी दुरून वा जवळून गुरुस्थानी पाहिले, त्यांपैकी अनेकजण पुढे त्यांच्याच चित्रपटांत किंवा त्यांच्याच संस्थेत काम करण्यासाठी आले. शिष्य आणि गुरू यांच्या नात्यातील हा पालट केवळ योगायोगाचा नाही. मराठी रंगभूमी आणि चित्रकला यांच्या परंपरा चित्रपटात कशा उतरल्या, कोठे टिकल्या व कोठे अपुऱ्या पडल्या, याचा इतिहास या पालटात साठवलेला आहे.

२

शांताराम यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूर येथे झाला. शाहू महाराजांच्या आश्रयाने त्या संस्थानात संगीत, नाटक, चित्रकला आणि मल्लविद्या यांना बहर आला होता. सामान्य कुटुंबातील मुलालाही उत्तम गाणे कानावर पडावे आणि नाटकवेडाची लागण व्हावी, असे ते वातावरण होते.

१९१४ च्या सुमारास शांताराम गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. ही मंडळी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस हे तिचे मालक होते. गायनाचा रसिकांवरील प्रभाव, वेशभूषेचा व नेपथ्याचा थाट आणि कंपनीची कडक दिनचर्या यांचा संस्कार तेथील प्रत्येक मुलावर होत असे. शांताराम यांच्या वाट्याला मात्र किरकोळ कामेच आली आणि त्यांचा तेथील मुक्कामही अल्पकाळचा ठरला. संगीत रंगभूमीचा नट गळ्यावर उभा असतो. ज्याच्यापाशी तो गळा नाही त्याला त्या व्यवस्थेत मानाचे स्थान मिळणे अवघड होते. नट होण्याच्या आकांक्षेला बसलेला हा पहिला धक्का होय.

यानंतरचा हुबळीचा काळ चरित्रदृष्ट्या दुय्यम वाटला तरी प्रशिक्षणाच्या दृष्टीने तसा नाही. तेथे त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि एका सिनेमा थिएटरात पडेल ती कामे करीत नोकरी धरली. कारखान्याने यंत्राची भीती घालवली आणि हाताला शिस्त लावली. थिएटराने प्रेक्षक दाखवला. दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांनी तेव्हा सामान्य प्रेक्षकाला भारून टाकले होते. तोच चित्रपट पुनःपुन्हा पाहावयास मिळणे आणि त्यासमवेत प्रेक्षक कोठे स्तब्ध होतो, कोठे चुळबुळतो हेही पाहावयास मिळणे, याहून मोलाचे शिक्षण भावी दिग्दर्शकास क्वचितच लाभले असते. शिवाय मूकपटात गळ्याची मिरास नव्हती. रंगभूमीने ज्याला कडेला ठेवले होते त्याला येथे वाव होता.

३

१९२० मध्ये मावसबंधू बाबुराव पेंढारकर यांच्यामुळे शांताराम यांचा कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत प्रवेश झाला. कंपनीचे सूत्रधार बाबुराव पेंटर हे मूळचे चित्रकार आणि नाटकांचे पडदे रंगविण्यात निष्णात होते. त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला होता, आणि त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट त्याच वर्षी प्रदर्शित होऊन गाजला होता. पेंटरांच्या दृष्टीने चित्रपट म्हणजे मुख्यतः प्रकाश, छाया आणि रचना यांची कला. दृश्याचे रेखाटन आधी आणि चित्रीकरण नंतर, असा त्यांचा परिपाठ होता.

या आवारात श्रमविभागणीचे आजचे नियम नव्हते. झाडलोटीपासून नेपथ्य, रंगकाम, रसायनशाळा, छायालेखन आणि संकलन यांपर्यंत उमेदवाराला कशालाही हात लावावा लागे. शांताराम यांनी हे सारे केले आणि त्याचबरोबर अभिनयही केला. ‘सुरेखाहरण’ (१९२१) मध्ये ते श्रीकृष्ण झाले, तर ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये शेलारमामा. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये त्यांनी सावकाराच्या फासात अडकून जमीन गमावणाऱ्या आणि शहरात गिरणीचा आसरा शोधणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. पौराणिक मुकुट आणि ऐतिहासिक अंगरखा उतरवून समकालीन माणसाच्या वेषात कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचा हा अनुभव त्यांच्या पुढील सामाजिक चित्रपटांची पूर्वतयारी ठरला.

१९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाने त्यांना दिग्दर्शनाची पहिली संधी दिली. तथापि, गुरूच्या संस्थेत शिष्याच्या वाढीला एक मर्यादा असते. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या बळावर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. चौघेही पेंटरांच्या तालमीत तयार झालेले होते. नव्या संस्थेजवळ जे कौशल्य होते ते सर्व जुन्या संस्थेने दिलेले होते. जाणते साहाय्यक एकाच वेळी निघून गेल्याने त्या संस्थेचे मोठे नुकसान झाले. शांताराम यांच्या स्वातंत्र्याची ही पहिली किंमत होती आणि ती त्यांच्या गुरूने मोजली.

४

प्रभातच्या आरंभीच्या मूकपटांत शांताराम यांनी नट आणि दिग्दर्शक अशा दोन्ही भूमिका सांभाळल्या. ‘उदयकाल’ (१९३०) मध्ये ते स्वतः शिवाजी झाले. परंतु लगेचच बोलपट आला. बोलपटाच्या पहिल्या तपात त्यांनी पडद्यावरील अभिनय जवळजवळ बाजूला ठेवला. आता त्यांची कसोटी निराळी होती. मूकपटाने हद्दपार केलेली वाणी आणि गाणे पुन्हा मध्यभागी येणार होते, आणि त्यांच्यासोबत रंगभूमीचे नटही.

‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली आणि संगीतही त्यांचेच होते. ज्या मंडळीत शांताराम किरकोळ कामे करीत होते, तिचा एकेकाळचा मालक आता त्यांच्या दिग्दर्शनाखाली उभा होता. दुर्गा खोटे यांची तारामती मात्र नाटकी परंपरेतून आलेली नव्हती. सुशिक्षित कुटुंबातील स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी, ही गोष्टच स्त्रीपार्टी परंपरेला दिलेले उत्तर होते.

१९३३ मध्ये प्रभातचे स्थलांतर पुण्यास झाले. त्याच वर्षी शांताराम यांनी ‘सैरंध्री’ हा विषय रंगीत चित्रपटासाठी निवडला. गुरूच्या गाजलेल्या मूकपटाचे हे नाव. रंगीत प्रतींसाठी ते जर्मनीस गेले, पण रंगांचा परिणाम समाधानकारक झाला नाही. अपयशाचा हा प्रवास अभ्यासाच्या दृष्टीने मात्र फलदायी ठरला. जर्मन चित्रपटगृहांचे तंत्र त्यांनी जवळून पाहिले आणि पुढील वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये त्याचा प्रत्यय आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटात बळीप्रथेचा कैवार घेणाऱ्या राजगुरूचा केवळ डोळा पडदाभर दिसतो. संगीत रंगभूमीवर जे काम दीर्घ स्वगताने झाले असते, ते येथे एका भिंगाने केले. शब्दाचा भार चित्राने कसा उचलावा, याचा हा मराठी चित्रपटातील आरंभीचा ठळक दाखला होय.

‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये तर स्वतः बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत अवतरले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला भिडणाऱ्या या चित्रपटाचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलावे लागले. एका युगाची रसिकता ज्यांच्या स्त्रीभूमिकांनी घडवली त्या नटाला पुरुषवेषात, तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या चित्रीकरणात आणि प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष प्रतिसादावाचून काम करावयाचे होते. चित्रपट सात्त्विक झाला, पण बालगंधर्वांची रंगभूमीवरील मोहिनी पडद्यावर उतरली नाही. रंगभूमीची थोरवी जशीच्या तशी चित्रपटात आणता येत नाही, हा धडा शांताराम यांना गुरुस्थानी असलेल्या नटाच्या साक्षीने मिळाला.

५

या धड्याचे परिपक्व फळ म्हणजे ‘कुंकू’ (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचे हे रूपांतर. फसवणुकीने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली तरुणी त्या विवाहास मनोमन मान्यता देण्याचे नाकारते, असा हा विषय आहे. जरठ-कुमारी विवाह हा ‘संगीत शारदा’पासून मराठी साहित्याला परिचित असलेला विषय. मात्र येथे नायिका करुणेची याचना करीत नाही. ती नकार देते. आणि काकासाहेबही खलपुरुष राहत नाहीत, तर आपल्या अन्यायाची जाणीव होत जाणारे माणूस म्हणून आकाराला येतात.

काकासाहेबांच्या भूमिकेसाठी शांताराम यांनी केशवराव दाते यांची केलेली निवड अर्थपूर्ण आहे. दाते गद्य रंगभूमीचे नट होते आणि १९३३ च्या ‘नाट्यमन्वंतर’च्या वास्तववादी प्रयोगाशी त्यांचा निकटचा संबंध होता. म्हणजे संगीत नाटकाच्या परंपरेतून बाहेर पडून शांताराम यांनी त्याच रंगभूमीच्या दुसऱ्या, संयत प्रवाहाशी नाते जोडले. पार्श्वसंगीत त्यांनी वर्ज्य केले आणि घरातील वस्तूंचे, रस्त्याचे नैसर्गिक आवाजच वापरले. जुने घड्याळ आणि आरसा या वस्तूंतून काकासाहेबांचे वय आणि त्यांचे आत्मनिरीक्षण बोलके झाले. कादंबरीत निवेदक जे सांगतो ते येथे वस्तू सांगतात. साहित्यकृतीचे माध्यमांतर म्हणजे तिच्या संवादांची नक्कल नव्हे, हे ‘कुंकू’ने दाखवून दिले. अनंत काणेकरांचे संवाद लाभलेला ‘माणूस’ (१९३९) आणि विश्राम बेडेकरांच्या कथेवरील ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट लेखकाशी जुळलेल्या याच सहकार्याची पुढील फळे होत.

६

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळ येथे त्यांनी राजकमल कलामंदिराची स्थापना केली. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून हे नाव घेतले गेले. आता भागीदार नव्हते. निर्माता, दिग्दर्शक आणि मालक एकच होता. या पूर्ण स्वातंत्र्यात दडपून राहिलेला नटही पुन्हा जागा झाला. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) मध्ये चीनमध्ये रुग्णसेवा करताना मृत्यू पावलेल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची भूमिका त्यांनी केली.

१९४७ मध्ये राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला आणि त्याचे दिग्दर्शन बाबुराव पेंटर यांच्याकडे सोपवले. ज्या गुरूची संस्था सोडून शिष्य निघाला होता, तो गुरू अठरा वर्षांनी शिष्याच्या संस्थेत आला. तमाशा आणि शाहिरी या परंपरांना त्या चित्रपटाने मराठी पडद्यावर जी प्रतिष्ठा दिली, तिचा माग पुढे ‘पिंजरा’पर्यंत (१९७२) काढता येतो.

नट आणि दिग्दर्शक यांची खरी सांगड ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये पडली. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाच्या प्रयोगाची पार्श्वभूमी आहे. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर शांताराम यांनी साकारला. १९३४ मध्ये पडदाभर दिसणारा डोळा दहशतीचा होता. येथील जेलरचे डोळे विवेकाचे आहेत. शब्द कमी आणि नजर अधिक, हा मूकपटाचा जुना संस्कार या भूमिकेत पूर्णत्वाला गेला. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्याच डोळ्यांना गंभीर इजा झाली. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा सन्मान मिळाला.

मात्र राजकमलच्या काळाचे मूल्यमापन निखळ गौरवाने करता येत नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांतील नृत्य, रंग व नेपथ्य यांचा थाट लोकप्रिय झाला, पण ‘कुंकू’ने मिळविलेला संयम त्यात हरवला. त्या थाटात गंधर्व नाटक मंडळीचा वैभवशाली रंगमंच परत आल्यासारखा वाटतो. प्रभातमध्ये दामले-फत्तेलाल यांच्यासारखे तुल्यबळ सहकारी होते आणि त्यांच्या दृष्टीचा धाक होता. राजकमलमध्ये नाही म्हणू शकणारा कोणी उरला नाही. स्वातंत्र्याची ही दुसरी किंमत, आणि ती शांताराम यांनी स्वतः मोजली.

७

१९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार शांताराम यांना लाभला. ज्यांचे मूकपट पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले, त्यांच्याच नावाचा हा सन्मान होता. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जडणघडणीतून एक निष्कर्ष निघतो. शांताराम यांनी पेंटरांकडून चित्र घेतले, संगीत रंगभूमीकडून भव्यता, गद्य रंगभूमीकडून संयम आणि कादंबरीकडून सामाजिक प्रश्न घेतला. यांपैकी कोणतीही परंपरा त्यांनी निर्माण केली नाही. कोणत्या प्रसंगी कोणती वापरावी आणि कोणती आवरावी, हा निर्णय त्यांचा होता, आणि तो निर्णय जेथे अचूक ठरला तेथे मराठी चित्रपट साहित्याच्या बरोबरीने उभा राहिला. प्रभातच्या पुण्यातील ज्या आवारात विद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या कलावंतांनी हे निर्णय घेतले, तेथेच १९६० मध्ये शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. उमेदवारीतून आलेली विद्या अखेर अभ्यासक्रमाला पोहोचली. मात्र गुरूला सोडण्याचे धैर्य आणि त्याला सन्मानाने परत बोलावण्याचे औचित्य यांचा समावेश कोणत्याही अभ्यासक्रमात करता येत नाही.