पेरूच्या फांदीवरील कोळी

मारिया सिबिला मेरियन ह्यांचा जन्म १६४७ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट नगरात झाला. सुरवंट पाळावे, त्यांचे फुलपाखरू होईपर्यंतची सारी रूपे निरखावी व चितारावी, हा त्यांचा बालपणापासूनचा छंद. १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपली चित्रे विकून त्यांनी प्रवासखर्च जमविला आणि धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम गाठले. सुमारे दोन वर्षे तेथील उष्ण अरण्ये धुंडाळून, प्रकृती ढासळली तेव्हाच त्या परतल्या.

१७०५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्यांचा ६० चित्रांचा ग्रंथ निघाला. त्यातील एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक केसाळ कोळी इवल्याशा गुंजन पक्ष्याला भक्षीत आहे! लिनिअसने १७५८ मध्ये अशा कोळ्याला नाव दिले ते पक्ष्यावरूनच. एकोणिसाव्या शतकात मात्र काही पंडितांनी हे चित्र निव्वळ कल्पित ठरविले. त्यांतील एकाने तर सुरिनाम कधी पाहिलेही नव्हते! अखेर १८६३ च्या आपल्या ग्रंथात हेन्री बेट्स ह्या निसर्गशास्त्रज्ञाने, अ‍ॅमेझॉनच्या प्रदेशात दोन लहान पक्षी पकडलेला कोळी स्वतः पाहिल्याचे लिहिले. तोवर मेरियनबाईंना निवर्तून १४६ वर्षे लोटली होती.