इरावतीबाईंच्या हातातली मापपट्टी

नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीच्या एखाद्या भिल्ल शेतकऱ्याचा आणि बर्लिनच्या एखाद्या प्राध्यापकाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचे चित्र, शेजारी शेजारी ठेवले, तर कोणते कोणाचे हे मुरलेल्या तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. दोघांचीही गुणसूत्रे 46, जोड्या 23. पण सुमारे शंभर वर्षांपूर्वी त्याच बर्लिनमध्ये माणसाच्या हाडांत वंशाचा दर्जा शोधला जात होता. पुण्याहून तिथे शिकायला गेलेल्या एका तरुणीने मापे काय सांगतात तेवढेच लिहिले. तिचे नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातल्या मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलीला नाव मिळाले ते तिथल्या इरावती नदीचे. सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढल्या. फर्ग्युसनमधून 1926 मध्ये पदवी आणि मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली 1928 मध्ये एम. ए. झाले. पती दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. सुनेने जर्मनीला जावे हे महर्षींना पसंत नव्हते. दिनकररावांनी मात्र पाठवले.

बर्लिनमध्ये मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक नवी संस्था 1927 मध्ये सुरू झाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. त्या काळी माणसाची गुणसूत्रे नीट मोजलेलीही नव्हती. पाठ्यपुस्तकांत त्यांची संख्या 48 दिलेली असे. आनुवंशिकतेच्या अभ्यासकाच्या हाती होती ती मापपट्टी, कंपास आणि कवट्या. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. हा फरक युरोपीय माणसात वेगळा असेल आणि त्यातून त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. डाव्या-उजव्यातला फरक सगळ्यांतच होता. त्याचा वंशाशी संबंध मात्र आढळला नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच मांडला आणि पीएच. डी. घेऊन त्या परतल्या. पुढे 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले, तेव्हा याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सक्तीच्या नसबंदीला विज्ञानाचा आधार पुरवला.

इरावतीबाईंनी मापपट्टी टाकून दिली नाही. 1939 मध्ये त्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या आणि महाराष्ट्रभर हिंडून माणसांची मापे घेत, रक्तगट तपासत राहिल्या. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. ती 1968 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एका मुळातून फुटलेल्या असतीलच असे नाही, हे त्यातून पुढे आले. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या भिल्लांचाही त्यांनी अभ्यास केला. तो शरीराचा नव्हे, त्यांच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीचा. मणिबेली याच पश्चिम खानदेशातले. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर पाहणी केली, ती 1969 मध्ये छापून आली. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी मणिबेलीत शिरले, ते पाहायला मात्र त्या नव्हत्या.

मधल्या काळात विज्ञान पुढे गेले होते. 1956 मध्ये जो हिन त्जियो आणि आल्बर्ट लेवान यांनी माणसाची गुणसूत्रे 46 असल्याचे दाखवले. 1959 मध्ये डाऊन सिंड्रोमच्या मुलांत 21 क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा असते हे पॅरिसमधून जाहीर झाले. आज कॅरिओटाइपसाठी थोडे रक्त घेतात, त्यातल्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, विभाजन ऐन मध्यावर थांबवतात आणि रंगवलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या लावतात. जादा किंवा कमी गुणसूत्र, तुटलेला किंवा दुसरीकडे जोडला गेलेला मोठा तुकडा त्यात दिसतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्याला किंवा वयात येऊनही पाळी न आलेल्या मुलीला या तपासणीतून कारण सापडू शकते. जात, धर्म किंवा बुद्धी त्यात दिसत नाही.

सगळे आजारही त्यात दिसत नाहीत. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल हे त्याचे उदाहरण. 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. कॅरिओटाइपमध्ये ते गुणसूत्र अगदी निरोगी दिसते. निदान होते हिमोग्लोबिनच्या तपासणीतून. हा दोष कुठल्या जमातीच्या रक्ताचा कमीपणा नव्हे. मलेरियाच्या प्रदेशात एकेरी दोष असलेली माणसे जास्त तगली, म्हणून तो आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आणि सातपुड्यात टिकला.

मात्र तो पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे सोयरीक कुठे जुळते यावर ठरते. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. भारतात कोण कोणाशी लग्न करतो, मामाची मुलगी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, याचा पद्धतशीर नकाशा मांडणारा इरावतीबाईंचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ 1953 मध्ये आला. आनुवंशिक आजारांचा सल्ला देणारा डॉक्टर आजही कागदावर पहिल्यांदा काढतो ती वंशावळच.

‘युगान्त’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यानंतर दोन वर्षांनी, 11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाई गेल्या. मराठी वाचकाला त्या आठवतात महाभारतामुळे. बर्लिनचा तो प्रबंध फारसा कोणी वाचत नाही. सोयरीक ठरवताना जातीची चौकशी अजूनही बारकाईने होते. सातपुड्यातल्या घरांत त्याच बैठकीत मुला-मुलीच्या सिकलसेल तपासणीचे कागदही मागितले गेले, तर येणाऱ्या बाळाचा त्यात अधिक फायदा आहे.