कुस्तीतल्या पकडीसाठी लाकडाचा जोडीदार देणारे बाळंभटदादा देवधर

कुस्ती असो, ज्युदो असो की जिउ-जित्सू, नव्या पोराची पहिली तक्रार ठरलेली असते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. बोटांची पेरं सुजलेली, मनगट ठणकतंय आणि चहाचा कप धरतानाही कळ येते.

सगळा भार बोटांवर टाकला की असं होतं. पकड सगळ्या अंगाने कशी करायची हे शिकवणारं एक साधन आपल्याकडे आहे, ते म्हणजे मल्लखांब. आणि त्याच्याशी जोडलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बाळंभटदादा देवधर.

बाळंभटदादा हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेले व्यायामशिक्षक. त्यांच्याबद्दल तालमींमध्ये एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. ते तरुण बाळंभटदादांनी स्वीकारलं, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली.

ते थेट वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथे उपासना करताना मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरचे डाव दाखवले, असं ही कथा सांगते. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं आणि ते पाहून गुलाबने माघार घेतली.

दृष्टांताचा भाग श्रद्धेचा. खांबावर मल्लांनी कसरत करण्याचा उल्लेख तर १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही सापडतो. पण मागे पडलेली ही विद्या नव्याने उभी करण्याचं श्रेय बाळंभटदादांनाच दिलं जातं.

आता यात हाताचा काय संबंध?

जिवंत जोडीदार झटका देतो, हात सोडवून घेतो, अचानक वळतो. बोटं मुरगळतात ती त्याच क्षणी. खांब झटका देत नाही. एकच डाव शंभर वेळा करा, तो तिथेच उभा असतो. लाकडावर एरंडेल तेल चोळलेलं असतं, त्यामुळे कातडी सोलवटत नाही.

शिवाय अढी, तेढी, बगली, दसरंग हे प्रकार बघा. अढीत मांड्या खांब धरतात, बगलीत काख कामाला येते. म्हणजे पकड नुसत्या बोटांची राहत नाही, अंगाची होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेले. त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेत पोचली. काशीत तिचे आखाडे उभे राहिले. कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे ही याच परंपरेतली नावं.

वऱ्हाडात ही विद्या रुजवण्यात मोठा वाटा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा. १९१४ साली वैद्य बंधूंनी हे मंडळ सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्यामुळे नांदगाव खंडेश्वरच्या पोराला ही परंपरा बघायला पुणं किंवा काशी गाठावी लागत नाही, आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण पुरतं.

मॅटवर किंवा मातीत उतरणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून कवळ घालू नका. झटका बसला तर बोट मोडू शकतं. तळव्यावर तळवा ठेवून घट्ट धरा आणि कोपरं अंगाजवळ ठेवा. पकड सुटणारच आहे असं दिसलं की बोटांच्या टोकांवर लोंबकळू नका, सोडून द्या आणि नव्याने धरा. नखं कापा, अंगठी काढा.

बोट मुरगळलं तर आधी विश्रांती. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. दुखरं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधा. मुरगळलेलं बोट तिथल्या तिथे ओढून कडकन वाजवण्याच्या भानगडीत मात्र कुणालाही पडू देऊ नका. बोट वाकडं दिसत असेल, टोक सरळ होत नसेल, मुंग्या येत असतील किंवा सूज उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा. हाड मोडलेलं असूनही बोट हलू शकतं.

दोन दिवस तालीम चुकली तर पुन्हा करता येते. वाकडं जुळलेलं बोट मात्र जन्मभर तसंच राहू शकतं. समोर अली-गुलाबसारखे पैलवान असतानाही बाळंभटदादांनी आधी मुदत मागून घेतली होती, एवढं तरी लक्षात ठेवावं.