तंजावरचे सरफोजी राजे आणि मोतीबिंदूचे दफ्तर

रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपून मंडळी घराकडे निघतात, तेव्हा वडनेर भोलजीसारख्या महामार्गाकाठच्या गावात एखादा वडीलधारा माणूस रस्त्याच्या कडेला थबकतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्याच्या डोळ्यांत फुटतो. दिव्याभोवती मोठे वलय दिसते आणि पुढचा रस्ता हरवतो. घरच्यांनी विचारले तर उत्तर ठरलेले असते: वय झाले, ईद झाली की बघू. ईद होते, लग्नसराई येते, पेरणी येते, मग कापूस वेचणी येते, आणि डोळे तसेच राहतात.

दिवा असा फुटून दिसणे हे बहुतेक वेळा मोतीबिंदूचे लक्षण असते. या आजाराच्या रोग्यांची दोनशे वर्षांपूर्वी एकेकाची नोंद ठेवून घेणारा एक मराठी राजा होऊन गेला. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुष्कळांना माहीत असतो, त्यांच्या दवाखान्याची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांच्या नावापासूनच सुरुवात करायला हवी. मालोजीराजे भोसले यांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ या सूफी पिराला त्यांनी नवस केला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. शरीफजीचेच पुढे सरफोजी झाले. थोरल्या शहाजीराजांची सासुरवाडी याच बुलढाणा जिल्ह्यातली, सिंदखेड राजाची. जिजाऊंच्या पोटी शिवाजी महाराज झाले, तर तुकाबाईंच्या पोटी व्यंकोजी. या व्यंकोजींनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. त्या गादीवर पिराचे नाव दोनदा बसले. घराण्याने दर्ग्यांशी नातेही तोडले नाही. नागोरच्या शाहुल हमीद यांच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह राजांनी बांधून दिला. सैलानी बाबांच्या यात्रेत सगळ्या धर्मांची माणसे पाहणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

दुसरे सरफोजी 1777 साली जन्मले. तंजावरच्या तुळजाराजांची स्वतःची मुले हयात राहिली नव्हती, म्हणून 1787 मध्ये त्यांनी भोसले कुळातल्या या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. गादी मात्र सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय पंडितांकडून मिळवला गेला आणि कंपनी सरकारने तो मानला. दहा वर्षांचा मुलगा नजरकैदेसारख्या जिण्यात अडकला, शिकणेही बंद झाले. श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी त्याच्या पाठीशी उभा राहिला. तुळजाराजांनी मुलाला त्याच्याच ओटीत घातले होते. 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले आणि तिथे त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. गुरू ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि शिष्य शेवटपर्यंत निष्ठावान हिंदू. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासाठी आपला धर्म सोडला नाही, तरी श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर सरफोजींनी त्याचे संगमरवरी स्मारक इंग्लंडहून घडवून आणले.

1798 मध्ये दत्तक मान्य झाले आणि सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी कंपनीने तह लादून राज्य काढून घेतले. हाती राहिला तंजावरचा किल्ला, नेमणुकीचा पैसा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा, राज्य नसलेला राजा. अशा संस्थानिकांनी शिकारीत आणि मैफलींत आयुष्य घालवल्याची उदाहरणे कमी नाहीत. सरफोजींनी पैसा ग्रंथांवर, छापखान्यावर, शाळांवर आणि औषधांवर लावला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ओरत्तनाडू इथे मुक्तांबाळ यांच्या नावाने छत्र, म्हणजे धर्मशाळा, उभारली. 1820 मध्ये काशीयात्रेला निघाले, तिथूनही पोथ्या जमवल्या.

औषधांसाठी त्यांनी धन्वंतरी महाल स्थापन केला. आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ सिद्ध पद्धतीचे जाणकार, युनानी हकीम आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर असे चौघेही तिथे कामाला होते. उपचार तपासून गुणकारी ठरलेले नुस्खे लिहून ठेवले जात. त्यांतले पुष्कळ तमिळ पद्यात बांधले गेले, म्हणजे पाठ करायला सोपे. आज एकाच गावात वैद्य, हकीम आणि डॉक्टर एकमेकांकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या महालाचे महत्त्व कळते.

या चौघांकडे मोतीबिंदूबद्दल काय होते? युनानी हकिमांच्या भाषेत त्याचे नाव नुजूलुल मा, म्हणजे पाणी उतरणे. डोक्यातून पाणी डोळ्यात उतरते आणि बाहुलीमागे गोठते, अशी जुनी समजूत. युरोपात या शब्दाचे भाषांतर होताना त्याला धबधब्याचे नाव मिळाले आणि इंग्रजीत ते आजही टिकून आहे. समजूत चुकीची होती, पण हात कुशल होते. इसवी सन 1000 च्या सुमारास मोसुलचे अम्मार बिन अली यांनी कैरोत पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवली. सुश्रुतांच्या परंपरेतले वैद्य डोळ्याच्या पांढऱ्या भागातून टोकदार हत्यार घालून मोतीबिंदू बाहुलीसमोरून मागे लोटत. युरोपात दाव्हिएल या फ्रेंच सर्जनने 1747 पासून तो बाहेर काढायला सुरुवात केली होती. मद्रासला 1819 मध्ये डोळ्यांचे इस्पितळ निघाले. म्हणजे सरफोजींच्या काळात या सगळ्या विद्या तंजावरच्या हाकेच्या अंतरावर आल्या होत्या.

राजांना डोळ्यांच्या आजारांची विशेष ओढ होती. सरस्वती महालात त्या काळचे रोग्यांचे कागद आजही जपलेले आहेत. रोग्याची तक्रार काय, उपचार काय केला, गुण आला की नाही, अशा नोंदी. सोबत त्याच रोग्याच्या डोळ्यांची हाताने काढलेली रंगीत चित्रे. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी या कागदांचा अभ्यास केला आहे. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत, असेही सांगितले जाते. ते बाजूला ठेवले तरी कागद पुरेसे बोलके आहेत. सुई चालवणारे फिरते वैद्य तेव्हाही गावोगाव होते. ते सुई चालवून पैसे घेत आणि डोळा बिघडायच्या आत पुढच्या गावी जात. रोग्याचे पुढे काय झाले हे लिहून ठेवायला धीर लागतो, कारण त्यात आपले अपयशही लिहावे लागते.

अपयश पुष्कळ येत असणार. डोळा बधिर करणारे थेंब 1884 मध्ये आले. त्याआधी रोग्याला माणसांनी धरून ठेवावे लागे. मागे लोटलेला मोतीबिंदू डोळ्यातच राही. उजेड लगेच दिसे, पण पुढे डोळा सुजून कायमचा जाण्याचा धोका असे. आजच्या म्हाताऱ्यांच्या मनातली ऑपरेशनची भीती अशाच ऐकीव आठवणींतून आलेली आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही.

मात्र आजची गोष्ट वेगळी आहे. मोतीबिंदू म्हणजे पाणीही नव्हे आणि वरून आलेला पडदाही नव्हे. डोळ्यातले स्वतःचे पारदर्शक भिंगच वयाने, मधुमेहाने, माराने किंवा काही औषधांनी गढूळ होते. रंग फिके दिसतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. कधी जवळचे वाचन काही दिवस बिनचष्म्याचे जमू लागते आणि माणूस नजर सुधारली म्हणून खूश होतो. तेही मोतीबिंदूचेच काम. हे गढूळपण कोणत्याही थेंबाने, सुरम्याने किंवा मधाने विरघळत नाही. ऑपरेशनमध्ये छोट्याशा छेदातून गढूळ भिंग काढून जागी कृत्रिम भिंग बसवतात. अशा भिंगाची सुरुवात लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये केली. बहुतेकदा डोळाच बधिर करतात, काम अर्ध्या तासाच्या आत होते. सरकारी रुग्णालयांत ते मोफतही होते.

तो पूर्ण पिकेपर्यंत थांबायचे, ही जुनी रीत आता लागू नाही. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड असतो आणि डोळ्यातला दाबही वाढवू शकतो. रोजची कामे अडू लागली की तपासून घ्यावे. तपासणी यासाठीही हवी की प्रत्येक अंधुकपणा मोतीबिंदूचा नसतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि मधुमेहाने पडद्याला झालेली इजा भिंग बदलून जात नाही. ऑपरेशननंतर दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा दिसणे एकदम कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे.

रमजानमुळे तपासणी अडत नाही. डोळ्यात औषध टाकल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. ऑपरेशननंतर काही दिवस वाकणे आणि डोळ्यात पाणी जाणे टाळायला सांगतात. तेव्हा सजदा इशाऱ्याने करता येतो, वुजूबद्दल इमामसाहेबांना विचारून घेता येते. तारीख ईदनंतरची हवी असेल तर डॉक्टरांशी बोलून ती आजच घ्यावी.

सरफोजी राजे 1832 मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्यानंतर वारस नाही म्हणून कंपनीने 1855 मध्ये उरलेसुरले संस्थानही खालसा केले. किल्ला गेला, नेमणूक गेली. सरस्वती महाल 1918 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मोडीतले दरबारी दफ्तर, तमिळ पद्यांतले नुस्खे आणि ज्यांचे नावगावही कोणाच्या लक्षात नाही अशा रोग्यांच्या डोळ्यांची ती रंगीत चित्रे तिथेच आहेत.